मडक्या आणि दुधनीचे पाहुणे

आमच्या घरी मडक्या आला तेव्हा त्याला तोंड नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एका मडक्याच्या आत होतं. बाहेरून दिसत होते ते फक्त चार पाय, एक शेपूट आणि पुढं काळं कुळकुळीत, गोल मडकं. उन्हाळ्याचे दिवस होते. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारात कांदे घ्यायला गेलो होतो. ताकवालीच्या रिकाम्या मडक्यात ताक चाटायला म्हणून त्या पोरसवदा कुत्र्यानं तोंड घातलं होतं, ते आत गेलं आणि बाहेर येईना. मग ते पळत सुटलं. दिसत तर काहीच नव्हतं. आधी ते बांगड्यांच्या टोपलीत गेलं, तिथून मिरच्यांच्या ढिगात, तिथून एका म्हाताऱ्याच्या दोन पायांमधून पलीकडे. लोक पहिल्यांदा हसले. मग मडक्यातून घुमल्यासारखा एक विचित्र आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "पिसाळलंय!" झालं. हसणारे तेच लोक काठ्या शोधायला लागले. एकानं तर गाडीची खीळच उपसली.

अण्णांचं वर्णन करायचं तर ते शिडशिडीत, मान किंचित वाकडी असलेले, आणि रस्त्यात कुणाशी मोठ्यानं न बोलणारे असे गृहस्थ होते. घरात उंदीर निघाला तर आई मारायची आणि अण्णा ओसरीवर जाऊन उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी कांद्याची पिशवी माझ्या हातात दिली, डोक्याचा पटका सोडला, आणि ते मडकं समोरून येत होतं त्याच्या वाटेत चक्क मांडी घालून बसले. कुत्रं येऊन त्यांच्या छातीवर आदळलं. अण्णांनी पटका मडक्याभोवती गुंडाळला, कुत्र्याला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि खिशातली छोटी हातोडी काढून, दारावर हळूच टकटक करावं तसं, मडक्यावर ठोकायला सुरुवात केली. काठीवाले गोल करून उभे. "ओ मेस्त्री, चावंल की!" कुणी म्हणालं. अण्णा म्हणाले, "तोंड बाहेर आल्याशिवाय कसं चावंल?" तेवढ्यात मडकं फुटलं. आतून ताकानं पांढरं झालेलं एक तोंड बाहेर आलं, त्यानं सगळ्यांकडे बघितलं, एक शिंक दिली, आणि मग अण्णांचं तोंड कानापासून कानापर्यंत चाटून काढलं. ताकवाली तेवढी चिडली होती. "माझं ताक पिलं ते पिलं, वर माझाच काठ गळ्यात घालून मिरवायलंय बघा!" म्हणाली. ते खरंच होतं. मडक्याचा काठ त्याच्या गळ्यात तसाच राहिला होता. तो ठोकून फोडला तर गळ्यात घुसेल म्हणून अण्णांनी घरी आणून कानसीनं घासत घासत तो काढला. तोवर कुत्रं आमच्या घरात आलं होतं, आणि त्याला नावही पडलं होतं.

आमचं घर म्हणजे पुढं अण्णांचं दुकान आणि मागं आम्ही. जातीनं आम्ही सुतार. आजोबा हातमाग दुरुस्त करायचे, अण्णा पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे वाजवायची पेटी. सोलापुरात तेव्हा पेट्यांना तोटा नव्हता. विणकरांच्या तेलुगू भजनांच्या पेट्या यायच्या, मठातल्या यायच्या, कव्वालांच्या यायच्या, आणि मुक्कामाला आलेल्या नाटक कंपन्यांच्या पायपेट्या यायच्या. पायपेटी ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: ती टेबलासारखी उंच असते, वादक खुर्चीवर बसून हातांनी पट्ट्या दाबतो आणि खाली दोन्ही पायांनी पायटे दाबत भाता चालवतो. ही तांत्रिक माहिती आत्ताच दिलेली बरी, कारण पुढं घाई होणार आहे.

दुकानात दिवसभर कुठला ना कुठला सूर तोंड वर काढून असायचा आणि सरसाचा वास घमघमत असायचा. सरस म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, तो चुलीवर शिजवून लाकडाला लावतात. आम्हाला त्या वासानं मळमळायचं. मडक्याला मात्र ती मेजवानी वाटली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं निवत ठेवलेल्या सरसाच्या वाटीत तोंड घातलं, आणि मग जबडा असा काही चिकटला की तो भुंकायला गेला तर फक्त गाल फुगायचे. आईनं कोमट पाण्यानं त्याचं तोंड धुतलं, शिव्या देत देत. "एका मडक्यातनं काढलं तर दुसऱ्यात घातलं मेल्यानं," असं ती म्हणत होती. आईनं त्याला नावानं कधी हाक मारली नाही. ते मेलं, ते धोंडं, अण्णांचं ते तिसरं अपत्य, असंच काहीतरी ती म्हणायची. पण सकाळी भाकरी थापताना पहिली भाकरी जरा वाकडी व्हायची, आणि वाकडी भाकरी माणसांना कशी द्यायची म्हणून ती त्याच्याकडे जायची. इतकी वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईची रोज पहिलीच भाकरी का वाकडी व्हावी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

खाण्याच्या बाबतीत तो पक्का सोलापुरी निघाला. कोरडी भाकरी तो हुंगून सोडायचा. तिच्यावर शेंगाची चटणी घातली की खायचा. तिखटानं शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, पाण्याच्या घंगाळाकडे पळायचा, आणि परत येऊन खायचा. कडक भाकरीचा तुकडा मिळाला तर तो पेट्यांच्या मागं जाऊन बसायचा आणि दुकानभर कुटूम कुटूम आवाज यायचा. एकदा एका भजनी बुवांनी त्या आवाजावरून "भात्यात घूस शिरली" असं निदान केलं होतं.

पण मडक्याचं खरं नाव झालं ते त्याच्या गळ्यामुळं. त्या मडक्यात असताना घुमलेला आवाज त्याला आवडला असावा, असं अण्णा म्हणायचे. तो भुंकायचा कमी, आणि मान वर करून, डोळे मिटून लांबलचक हेल काढायचा जास्त. तेही कशालाही नाही. इतक्या पेट्या वाजायच्या, त्यांच्याकडे त्यानं कधी लक्ष दिलं नाही. दोनच आवाजांना तो साथ करायचा. एक पहाटेचा गिरणीचा भोंगा. त्याला तो भोंग्याच्याही आधी कसा ऐकू यायचा कोण जाणे, पण मडक्या सुरू झाला की पाठोपाठ भोंगा यायचाच. आमच्या बोळातले गिरणी कामगार "भोंगा झाला का?" असं विचारायचे बंद झाले, "मडक्या झाला का?" असं विचारायला लागले. आणि दुसरा आवाज माझ्या अक्काचा.

अक्का माझी थोरली बहीण, सुंदरा. ती उंच होती, सावळी होती, आणि तिचा गळा फार गोड होता. या तिन्ही गोष्टींची आईला काळजी वाटायची. उंच मुलीला उंच नवरा लागतो. सावळ्या मुलीला समजूतदार सासू लागते. आणि गाणाऱ्या मुलीला काय लागतं हे आईला माहीतच नव्हतं. "घरात नाटकवाल्यांच्या पेट्या, त्यात पोरगी गाती म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" त्यामुळं अक्कानं गायचं ते फक्त जात्यावर, तेही ओव्या. ती जात्यावर बसली की मडक्या समोर येऊन बसायचा. ती पहिली ओळ म्हणायची, तो मान वर करायचा. ती दुसरी म्हणायची, तो सुरू. अक्का हसून हसून दळण थांबवायची. अक्काचं हसणंही मोठं होतं, सबंध बोळात ऐकू जाणारं. तेही आईच्या काळज्यांत होतंच.

शेजारी नरसम्मा राहायची. तिच्या घरात जमिनीतल्या खड्ड्यात बसून चालवायचे दोन खड्डामाग होते, आणि ती दिवसभर रहाटावर सूत भरत दारात बसायची. तेलुगू तिची भाषा, पण आमच्याशी मराठी बोलायची, मडक्याशी मात्र तेलुगूच. "रा, कुक्का, रा! तिनु!" म्हणजे ये कुत्र्या, खा, असं म्हटलं की तो शेपूट हलवत जायचा आणि तिच्या ताटातला भात खाऊन यायचा. आम्ही तेलुगूत बोलावलं तर यायचा नाही. भाताची भाषा आणि बिनभाताची भाषा त्याला वेगळी कळत असावी.

अक्काला पाहून दोन-तीन ठिकाणचे लोक गेले होते आणि निरोप पाठवायचे विसरले होते. मग एक दिवस दुधनीचं स्थळ आलं. मुलाचं नाव विश्वनाथ. लहानपणीच आईबाप गेलेले, मामानं वाढवलेला, मामाच्याच अडत दुकानात काम करणारा. आणि उंच. हे ऐकल्यावर आईनं दोन दिवस घर सारवलं. पेट्या भिंतीला लावल्या. एक नाटक कंपनीची पायपेटी तेवढी हलवता येईना, तिच्यावर आईनं भरतकामाचा रुमाल टाकला. अक्काला सांगितलं, "मान खाली. विचारलं तेवढंच बोलायचं. हसलीस तर बघ." मला सांगितलं, "कुसुम, त्या मेल्याला नरसम्माकडं घेऊन बस. पाहुणे जाईपर्यंत त्याचा आवाज आला न्हाई पायजे." मी मडक्याला घेऊन गेले. नरसम्मानं त्याची दोरी आपल्या रहाटाच्या पायाला बांधली. "लई जड हाय रहाट. हत्ती बांधला तरी हलत न्हाई, काय समजलीस," ती म्हणाली.

पुढं काय झालं त्यातलं आधीचं मला अक्कानं सांगितलं, आणि नंतरचं मी डोळ्यांनी बघितलं. पाहुणे दोघंच आले होते, मामा आणि भाचा. मामा ठेंगणे, गोरे, जरीच्या टोपीचे, आणि आवाज असा की समोर बसलेल्यालाही वाटावं आपण स्टेशनच्या पलीकडच्या फलाटावर आहोत. त्यांनी अक्काला नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, चालायला लावलं. अक्कानं मान खाली ठेवून सगळं केलं. मग मामांनी पेट्यांकडं बघत विचारलं, "मुलगी गाणंबिणं म्हणती काय?"

"छे छे, न्हाई हो," आई दारामागून म्हणाली.

"म्हणते की," अक्का म्हणाली.

अक्का सांगायची की तिला खोटं बोलायचं नव्हतं वगैरे काही नाही, आईचा आवाज इतका घाबरलेला होता की तिला राग आला. मामा म्हणाले, "मग होऊ द्या एक." आणि अक्कानं मान खाली ठेवूनच जात्यावरची ओवी म्हटली.

इकडं मी मडक्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. मडक्याचे कान उभे राहिले. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. पहिली ओळ त्यानं सोसली. दुसऱ्या ओळीला तो माझ्या हातांतून असा निसटला की त्याचं फक्त शेपूट माझ्या मुठीत आलं आणि तेही गेलं. दोरीला हिसका बसला, हत्तीला न हलणारा रहाट आडवा झाला आणि त्याच्यामागं फरफटत निघाला. रहाटावर लाल सूत भरलेलं होतं. ते उलगडत उलगडत नरसम्माच्या दारातून बोळात, बोळातून आमच्या ओसरीवर आलं. "अय्यो! माझं सूत! माझं सूत!" करत नरसम्मा मागं, तिच्यामागं मी.

मी दारात पोचले तेव्हा मडक्या अक्कासमोर बसून, डोळे मिटून, पूर्ण गळा लावून गात होता. रहाट उंबऱ्यात अडकला होता. आणि मामा उभे होते. मामांना लहानपणापासून कुत्र्याची धास्ती, हे आम्हाला कुठं माहीत? ते मागं मागं सरकत होते, पायांत लाल सूत गुंडाळत होतं, आणि मागं पायपेटी होती. ते तिच्यावर बसले. पट्ट्यांवर बसले, आणि पाय गेले ते थेट खालच्या पायट्यांवर. भीतीनं माणसाचे पाय लटलट कापतात तसे मामांचे कापत होते, त्यामुळं भाता उत्तम चालत होता. मामांच्या बुडाखालच्या सगळ्या सुरांनी एकदम जो गळा काढला तो त्या कंपनीच्या नाटकातही कधी ऐकला नसेल. मामा घाबरून जितके पाय हलवत तितकी पेटी ओरडे, पेटी ओरडे तितका मडक्या वरच्या पट्टीत जाई.

आणि अक्का हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून. तिला थांबवता येईना. मी विश्वनाथकडं बघितलं. तोही हसत होता, पण आवाज न करता. त्याचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

अण्णांनी मामांना उचलून खाली उतरवलं. पेटी थांबली, तसा मडक्याही थांबला. मामांनी धोतर वर करून बघितलं तर घोट्याजवळ खरचटलं होतं, थोडं रक्त आलं होतं. "चावलं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "पिसाळलेलं कुत्रं चावलं मला. सोडत नसतो मी. म्युनिसिपालटीत सांगून गोळी घालायला लावतो ह्येला."

मी मडक्याच्या गळ्याला मिठी मारली. तेव्हा माणसाला कुत्रं चावलं म्हणजे काय, हे लहान पोरांनासुद्धा माहीत होतं. आमच्या मागच्या गल्लीत तशा एका कुत्र्याला गोळी घातली होती. ते खरंच चावलं का, याची चौकशी कुणी करत नसे.

"मामा," विश्वनाथ म्हणाला, "कुत्रं तुमच्याजवळ आलंच नाही. ते तिथंच बसलं होतं. तुम्हाला पायट्याचं लोखंड लागलं. मी बघत होतो."

"तू माझ्याकडनं हैस का ह्यांच्याकडनं?"

विश्वनाथनं थोडा विचार केला. "मी कुत्र्याकडनं हाय," तो म्हणाला.

अक्कानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मामांनी टोपी उचलली, पायातलं लाल सूत झटकत बाहेर पडले, आणि दारातून एवढंच म्हणाले, "हसली मुलगी! बघायला आलेल्या माणसांसमोर हसली!" विश्वनाथ त्यांच्यामागं गेला. जाताना त्यानं वाकून उंबऱ्यातला रहाट सरळ केला आणि नरसम्माच्या हातात दिला.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. आई भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती बसून राहिली. स्थळ गेलं, आणि वर म्युनिसिपालटीचा माणूस कधी दारात उभा राहील याचा नेम नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडचा बिरा धनगर घोंगड्या विकायला बोळात आला. तो दर वर्षी मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचा. आईनं त्याला हाक मारली आणि मडक्याची दोरी त्याच्या हातात दिली. मी रडले, लोळले, आईला चावलेसुद्धा. आई म्हणाली, "गोळी खाण्यापेक्षा मेंढरांत ऱ्हाऊ दे." अण्णा दुकानात एका पेटीचा एकच सूर कितीतरी वेळ घासत होते. मडक्या बोळाच्या टोकापर्यंत मागं वळून बघत गेला.

म्युनिसिपालटीचा माणूस काही आला नाही. पहाटे भोंगा व्हायचा, पण बोळातल्या लोकांना उठायला उशीर व्हायचा. अक्का दळायची, पण मुकाट्यानं. आईची पहिली भाकरी आता सरळ व्हायची आणि तशीच टोपलीच्या तळाशी राहून वाळायची.

असेच काही आठवडे गेले, आणि एक दिवस दुपारी विश्वनाथ एकटाच आला. काखेत दुधनीच्या भजनी मंडळाची पेटी. "हिचा एक सूर बसलाय," तो अण्णांना म्हणाला. अण्णांनी भाता ओढून बघितला. सगळे सूर ठणठणीत होते. अण्णा म्हणाले, "बसलाय खरा. वेळ लागंल. चहा घ्या."

चहा पिताना हळूहळू कळलं. मामांनी घरी जाऊन मामींना सगळं सांगितलं होतं, न्याय मिळेल या आशेनं. मामींनी विचारलं, पेटीवर बसलात म्हणजे नेमकं कसं बसलात? मामांनी बसून दाखवलं. मामी अशा हसल्या म्हणे की चुलीवरचं दूध ऊतू गेलं तरी त्यांना उठता येईना. मग शेजारणीला बोलावून मामांना पुन्हा बसून दाखवायला लावलं. "मामी म्हणत्यात," विश्वनाथ बशीकडं बघत म्हणाला, "ह्या घरात माझ्यासंगं हसाया कुणी न्हाई. तीच पोरगी आण." मग त्यानं इकडं तिकडं बघितलं. "तो कुठाय?"

अण्णांनी पेटीचा भाता उगीच ओढला. शेवटी मीच सांगितलं, "दिला धनगराला."

विश्वनाथनं बशी खाली ठेवली. चहा अर्धा राहिला. "मामांच्या दुकानात मी अजून खालमानेनं वावरतोय," तो म्हणाला, "ज्याच्यापायी बोललो, तोच ठेवला न्हाईत होय?" तो रागावला नव्हता. रागावला असता तर आईनं उत्तर दिलं असतं. आत स्वयंपाकघरात अक्कानं तांब्या इतक्या जोरात आपटला की त्याला पोचा आला. तो तांब्या अजून माझ्याकडं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं नवं लुगडं नेसलं आणि बोळातल्या हसनचाचांचा टांगा बोलावला. मला म्हणाली, "चल. घोंगडी घ्यायचीय." कडक उन्हाळ्याचे दिवस. हसनचाचांनी मागं वळून विचारलं, "घोंगडी? इत्ते धूपकाले में? सच बोलो भाभी, कुत्ते कू लाने जा रै ना?" आई म्हणाली, "तुम्ही घोड्याकडं बघा."

विचारत विचारत गेलो, तर मंगळवेढ्याच्या रस्त्याला, ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात बिराची मेंढरं बसली होती. लांबूनच मडक्या दिसला. मेंढरांच्या भोवती फिरायचं सोडून तो मेंढरांच्या मधोमध, कोकरांच्यात दडून बसला होता. मला हाक मारायची होती, पण आईनं माझा हात दाबला. तिनं मडक्याकडं बघितलंच नाही. बिराच्या घोंगड्या उलगडून बघायला लागली. ही विरळ आहे, ही टोचते, हिचा काठ बरोबर नाही. बराच वेळ घासाघीस करून तिनं एक काळी घोंगडी पसंत केली, घडी घालून काखेत मारली, आणि जाता जाता कोथिंबीर मागावी तसं म्हणाली, "आन् ते कुत्रं तेवढं टाका वर."

बिरानं दोन्ही हात जोडले. "न्या माय, आत्ताच्या आत्ता न्या. म्याच आनून सोडनार व्हतो. आवं, ह्यो कुत्रा हाय का कोन हाय? मेंढरांस्नी भितो. राती लांडगा आला, तर ह्यो माज्या पांघरुनात! आन् पाटंचं उटून गानं म्हंतो. मेंढरं बुजून तीन रानं पल्याड जात्यात. माजी बायकू म्हनती, ह्येला ठिवा न्हाईतर मला ठिवा."

आई खूप दिवसांनी हसली. मग तिनं मेंढरांकडं तोंड करून, जरा लाजतच, पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. मडक्या कोकरांवरून उड्या मारत आला तो माझ्याकडं न येता तिच्याकडंच गेला आणि नव्या लुगड्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. टांग्यात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला. परत येताना हसनचाचा घोड्याला सांगत होते, "देख्या रे? घोंगडी बोले तो ऐसी होती."

लग्न झालं. दुधनीहून मामी आल्या होत्या, हिमालयाएवढ्या लठ्ठ आणि गोड, कानडी-मराठी एकातएक बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या पायपेटी कुठंय विचारलं. मामा मांडवात लांबच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. मडक्यानं मंगलाष्टकांत काय केलं ते मी सांगत नाही. आमच्याकडं अजून त्याच भटजींच्या घराण्यातले भटजी येतात, उगीच त्यांच्या कानावर नको.

अक्काला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. मडक्याही होता. विश्वनाथ, म्हणजे आता भाऊजी, अक्काला म्हणाले, "ह्येला घेऊ या का संगं? घर मोठं हाय." अक्कानं मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. तो अक्काच्याच गाण्याचा होता. अक्कानं खाली वाकून त्याचं डोकं खाजवलं, मग दोरीचं टोक माझ्या मुठीत देऊन मूठ वरून दाबली. "मला तिथं मामी हायत, हे हायत," ती म्हणाली, "कुसीला कोन हाय?" गाडी हलली. अक्कानं खिडकीतून गायचं म्हणून तोंड उघडलं, पण तिला रडू यायला लागलं, त्यामुळं ते गाणं झालंच नाही.

मडक्या पुढं पुष्कळ वर्षं जगला. माझंही लग्न गावातच झालं, त्यामुळं मी त्याला भेटत राहिले. म्हातारपणी त्याला ऐकू येईनासं झालं. भोंग्याच्या वेळी तो मान वर करायचा, चुकीच्या वेळीही करायचा, आणि बोळातले लोक त्याला काही बोलायचे नाहीत. आता नातीच्या कुत्र्याला डॉक्टर आहे, औषधाला चव आहे, बसायला गादी आहे, आणि ती मला विचारते, "तुम्ही तेव्हा कुत्र्याचं काय काय करायचात गं?" मी म्हणते, "काही नाही करायचो. तो आणि आम्ही एकत्र राहायचो."

तो गेला तो सकाळच्या उन्हात, ओसरीवर, झोपेतच. मला निरोप आला म्हणून मी माहेरी गेले. अण्णांनी मागच्या लिंबाखाली त्याला पुरलं होतं आणि ते दुकानात नुसते बसले होते. स्वयंपाकघरात चूल पेटलेली नव्हती. मी आईला म्हटलं, "भाकरी टाकू का?" आई म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. भूक न्हाई कुणाला. कुत्र्याचं काय सुतक असतंय का?" आणि पदरानं चुलीवरची राख उगीच पुसत राहिली.

दुपारी दार वाजलं. नरसम्मा उभी होती. हातात झाकलेलं ताट, त्यात भात आणि चिंचेचं सार. ती ताट ठेवून गेली. थोड्या वेळानं हसनचाचांच्या घरून खिचडी आली. मग समोरच्या गिरणी कामगाराच्या बायकोनं हुलग्याचं माडगं आणून दिलं. मग आणखी कुणीतरी भाकऱ्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे जसं आणून देतात तसंच, आणि तसंच कुणी काही न विचारता. आईनं सगळ्या ताटांकडं बघितलं. मग तिनं पाट मांडले, अण्णांना हाक मारली, आणि आम्हाला वाढायला घेतलं.